ॲमस्टरडॅममध्ये सांगितलेला मासा

भास्करराव प्रधानांनी पत्र दोनदा वाचले, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि समोरचा चहा तसाच टाकून ते देवासमोर जाऊन बसले. पूजा आटोपून दोन तास झाल्यावर नवरा पुन्हा पाटावर बसलेला पाहून मंदाकिनीबाईंनी गॅस बारीक केला.

"अहो, बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीये?"

"मग पोस्टमन काय देऊन गेला?"

"यानेकेबाई येताहेत. येत्या सोमवारी. अहमदाबादला कापडाचं म्युझियम बघायला आल्यात, तिथून एक दिवस बडोद्याला."

"अगबाई! छानच की. ॲमस्टरडॅमला किती फिरवलंन् आपल्याला. जेवायला घरीच बोलवू या."

"जेवायला नाही, आपलं म्युझियम बघायला येताहेत त्या," भास्करराव बाळकृष्णाच्या मूर्तीकडे बघत म्हणाले.

"मग मी येऊ बरोबर? दाखवायला?"

"तू? तुला काय कळणार त्यातलं! तू आपलं जेवणाचं बघ."

मंदाकिनीबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी गॅस पुन्हा मोठा केला. पत्रातली शेवटची ओळ भास्कररावांनी त्यांना सांगितली नव्हती. ती ओळ अशी होती: "मी मुख्यतः तुमचा मासा पाहायला येत आहे."

हा मासा कुठून आला ते सांगायला हवे. प्रधानांचा मुलगा सलील त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे नव्याण्णव साली, ॲमस्टरडॅमला होता. दोन हजार साल उजाडताना तिथल्या एका बँकेच्या कॉम्प्युटरांचे डोके फिरू नये, याची जबाबदारी त्याच्यावर होती. मे महिन्यात त्याने आईवडिलांना तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतले. तो सकाळी कामावर जाई, आणि हे दोघे ट्रामचा पास गळ्यात अडकवून म्युझियमे बघत हिंडत. पस्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला परदेशात गप्प बसवणे शक्यच नव्हते. दारात मिळणारे माहितीपत्रक भास्करराव अर्ध्या मिनिटात वाचून काढत आणि पुढचा दीड तास मंदाकिनीबाईंना समजावून सांगत. "हे बघ मंदा, हा उजेड खिडकीतून आलाय. म्हणून ही बाजू उजळ." मंदाकिनीबाई स्वतःही शाळेत शिकवूनच निवृत्त झालेल्या, पण त्या नुसते "हो का?" म्हणत. एका ठिकाणी तर त्या दूध ओतणाऱ्या की लोणी काढणाऱ्या अशा कुठल्याशा बाईच्या चित्रापुढच्या बाकावर तासभर बसून राहिल्या. गुडघे दुखत असतील बिचारीचे, असे समजून भास्कररावांनी तिला तिथेच सोडले आणि एकट्याने तीन दालने उरकली.

खाण्याच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत होते. चीजच्या दुकानात चव बघायला म्हणून मांडलेले तुकडे खात ते एका दारातून शिरत आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडत. म्युझियमच्या उपाहारगृहातला सफरचंदाचा केक, वर हा एवढा सायीचा डोंगर. कागदाच्या शंकूतले बटाट्याचे तळलेले काप. एका रात्री सलीलने इंडोनेशियन खाणावळीत नेले. तिथे भाताभोवती अठरा लहान लहान वाट्या आल्या आणि भास्कररावांना आपल्या मुंजीची आठवण झाली. पण खरे सुख होते ते कालव्याच्या पुलावरच्या गाडीवर मिळणाऱ्या हेरिंगचे. खारवलेला मऊ मासा, वर बारीक चिरलेला कांदा, शेपटीला धरून थेट तोंडात. भास्करराव बडोद्याला निजामपुऱ्यात ज्या सोसायटीत राहत, तिथे अकरा घरे शाकाहारी आणि बारावे यांचे. मासा तळायचा तर आधी खिडक्या लावायच्या, मग उदबत्ती, मग कढई, आणि मध्येच शेजारच्या हंसाबेनने बेल वाजवली की कढईवर झाकण घालून दाराशी हसत उभे राहायचे. इथे त्यांनी भर रस्त्यात, भर दुपारी, उघड्यावर मासा खाल्ला आणि कोणी मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. त्या दुपारी त्यांनी चार खाल्ले.

आणि त्याच दुपारी त्यांना यानेकेबाई भेटल्या. कालव्याकाठच्या एका जुन्या घरात छोटेसे म्युझियम होते. यानेकेबाई ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून दोनदा तिथे येणाऱ्यांना चित्रे दाखवायच्या, बिनपगारी, हौसेने. त्यांचा जीव एकाच प्रकारच्या चित्रांत होता: खाण्याची चित्रे. मांडलेली मेजे, सोललेली लिंबे, अर्धवट खाल्लेले पाव. मंदाकिनीबाई खालच्या दालनातच रेंगाळल्या होत्या. भास्करराव वर एकटेच होते, आणि पोटात चार हेरिंग असल्यामुळे फार खुशीत होते.

"तुम्ही कुठले?" यानेकेबाईंनी विचारले.

"बडोद्याचा. आमच्या महाराजांनी युरोपातून चित्रं नेली होती. आमच्या गावातसुद्धा आहे मोठं म्युझियम."

भास्कररावांचे आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते. त्यामुळे महाराजांनी जे जे म्हणून आणले, त्यात प्रधानांचाही थोडा हात आहे, असे त्यांना मनापासून वाटे.

"खरंच?" बाईंचे डोळे लकाकले. "मग तुम्ही जाता का तिथे?"

इथे कुठलाही साधा माणूस "कधीमधी" म्हणाला असता. भास्करराव म्हणाले, "दर रविवारी. चाळीस वर्षं. मी आणि माझी पत्नी. चित्रं पाहतो आणि मग घरी जाऊन छान जेवतो."

"किती सुंदर! आणि तुमचं सगळ्यांत आवडतं चित्र?"

भास्कररावांनी इकडेतिकडे पाहिले. बोटांना अजून कांद्याचा वास येत होता. "एक मासा आहे," ते म्हणाले. "ताटात. शेजारी अर्धं लिंबू."

खरी गोष्ट ही की भास्करराव त्या चित्रांच्या दालनात जन्मात गेले नव्हते. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये बडोद्याचा माणूस लहानपणी वडिलांचे बोट धरून जातो, मोठेपणी मुलांना बोट धरून नेतो आणि म्हातारपणी पाहुण्यांना नेतो. पाहायचे काय, ते ठरलेले: व्हेलचा सांगाडा आणि इजिप्तची ममी. ही दोन झाली की म्युझियम झाले. मग बाहेर येऊन मुलांना छोट्या आगगाडीत बसवायचे आणि भेळ खायची. चित्रे पुढच्या बाजूला आहेत, हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि ती चांगली आहेत, असे सगळे सांगतात.

गोष्ट तिथेच संपली असती. पण यानेकेबाईंनी पत्ता घेतला. पुढे दोन दिवस त्यांनी प्रधान पतिपत्नींना स्वतः हिंडवले, घरी वाटाण्याचे दाट सूप प्यायला बोलावले, आणि जूनमध्ये निजामपुऱ्यात त्यांचे पहिले पत्र आले. मासा कोणत्या जातीचा? ताट कथलाचे की मातीचे? भास्कररावांना तेव्हाच खरे लिहिता आले असते. त्यांनी कागदही घेतला होता. पण "मी खोटे बोललो" हे इंग्रजीत लिहिताना फारच मोठे दिसू लागले, म्हणून त्यांनी "ताट कथलाचे" असे लिहिले. ऑगस्टच्या पत्रात सुरी आली. ऑक्टोबरच्या पत्रात, स्वतःलाच थांबवता न आल्यामुळे, त्यांनी माशावर एक माशी बसवली. खाली सही केली, भास्कर प्रधान, निवृत्त शिक्षक.

शनिवारी "लहरीपुऱ्यात चष्म्याची काडी बदलून येतो" असे घरी सांगून भास्करराव गुपचूप म्युझियममध्ये गेले. कुठलातरी मासा असेलच, अशी त्यांना आशा होती. व्हेल ओलांडला, ममी ओलांडली, आणि त्रेसष्टाव्या वर्षी प्रथमच ते त्या पुढच्या वाटेला लागले. चित्रांच्या दालनाच्या दाराशी स्टुलावर एक पहारेकरी बसला होता. छातीवरच्या पट्टीवर बाळकृष्ण मोहिते असे नाव होते.

"वाट चुकला का साहेब? व्हेल तिकडे मागे राहिला."

"चित्रंच बघायची आहेत," भास्करराव ताठ होऊन म्हणाले.

दीड तास त्यांनी भिंती पालथ्या घातल्या. गायी होत्या, गलबते होती, झालरीवाल्या बायका होत्या, द्राक्षे होती, मेलेला ससासुद्धा होता. मासा नव्हता. एका चित्रात तळे होते. भास्करराव चष्मा कपाळावर चढवून त्या तळ्यात इतके वाकले की बाळकृष्ण स्टुलावरून उठला.

"जरा लांबून, साहेब. काय शोधताय?"

"मासा."

"मासा तर तिकडे मागे आहे ने! केवढा मोठा."

"व्हेल मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. पिलांना दूध पाजतो," भास्कररावांच्या तोंडून सवयीने निघून गेले.

"बराबर," बाळकृष्ण म्हणाला आणि पुन्हा बसला. "माझे एकोणीस दिवस राहिलेत रिटायर व्हायला. अठ्ठावीस वरसं झाली या दारात. मासा विचारणारे तुम्ही पहिलेच."

रिक्षात बसल्यावर भास्कररावांनी ठरवले की चित्र साफसफाईसाठी काढून नेले आहे, असे सांगायचे. त्यात कोणाचे काहीच वाईट होत नव्हते.

सोमवारी यानेकेबाई आल्या. पांढरे आखूड केस, पायात चालायचे भक्कम बूट, गळ्यात भिंग. घरी मंदाकिनीबाईंनी पहाटेपासून खिडक्या लावून घेतल्या होत्या. भरलेले पापलेट, वालाचे बिरडे आणि गोडाला निनावं असा बेत होता, आणि साडेबाराला पाने मांडायची, असे त्यांनी बजावून सांगितले होते. भास्कररावांबरोबर म्युझियममध्ये शिरल्यावर व्हेलपाशी यानेकेबाई एक मिनिटही थांबल्या नाहीत. दोघे दालनाच्या दाराशी येताच बाळकृष्ण तोंडभर हसला.

"काय साहेब, मिळाला का मासा?"

"काय म्हणतात हे?" यानेकेबाईंनी विचारले.

"ते म्हणतात," भास्कररावांनी घसा साफ केला, "की मासा साफ करायला नेलाय."

"वा!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "म्हणजे चौकटीतून काढलेला असणार! मग तर अगदी जवळून बघता येईल. ऑफिस कुठे आहे?"

आणि त्या निघाल्यासुद्धा. डच माणूस एकदा ऑफिस शोधायला लागला की भूगोलाचा शिक्षक त्याला अडवू शकत नाही.

ऑफिसात जयवंतराव शिर्के नावाचे अधिकारी बसले होते. सभ्य गृहस्थ, पण काटेकोर. त्यांनी परदेशी पाहुणीला खुर्ची दिली, पाणी मागवले आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी चित्रांची नोंदवही उघडली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवले.

"असं चित्र आमच्याकडे नाही, मॅडम."

"पण आहे!" यानेकेबाईंनी पिशवीतून फाइल काढली. आत भास्कररावांची तिन्ही पत्रे होती, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तारखेवार. "हे पाहा. कथलाचं ताट, सुरी, माशी. आणि हे गृहस्थ चाळीस वर्षं दर रविवारी ते पाहत आलेत."

जयवंतरावांनी पत्रे वाचली. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "प्रधानसाहेब, ही सही तुमची?"

"म्हणजे, माझीच, पण..."

"म्हणजे चाळीस वर्षं भिंतीवर असलेलं चित्र वहीत नाही, आणि आज भिंतीवरही नाही. हे साधं नाही. मला वर कळवावं लागेल." त्यांनी घंटी दाबली. "बाळकृष्णला बोलवा. दालनाच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात."

भास्कररावांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजत होता. वेळ काढायला म्हणून त्यांनी घरी फोन करायची परवानगी मागितली. "मंदा, उशीर होईल जरा. म्युझियमच्या ऑफिसात आहोत," एवढेच बोलून त्यांनी रिसीव्हर ठेवला. तोवर बाळकृष्ण टोपी हातात घेऊन समोर उभा राहिला होता.

"बाळकृष्ण, माशाचं चित्र कुठे आहे?"

बाळकृष्ण आधी हसला. कोणीच हसत नाही, हे पाहून थांबला. "मासा? साहेब, माझ्या दालनात मासा नाही. हे प्रधानसाहेब परवा पण..." तो भास्कररावांकडे बघू लागला. भास्करराव पेपरवेटकडे बघत होते.

"साहेबांनी लेखी दिलंय की चित्र होतं."

"नव्हतं साहेब. आईशप्पथ नव्हतं. अठ्ठावीस वरसांत एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही." तो टेबलाजवळ सरकला. "माझे सतरा दिवस राहिलेत साहेब. आता माझ्यावर असं नका आणू."

त्याने किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. तो जुडगा भास्कररावांना दिसला आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की खुर्चीवर बसून राहणेच अशक्य झाले. ते उठून उभे राहिले, शाळेत चुकलेला मुलगा उभा राहतो तसे.

"त्याला काही विचारू नका. मासा नाहीये. मी खोटं बोललो."

"खोटं म्हणजे किती?" जयवंतरावांनी विचारले.

"सगळंच. ताट, लिंबू, माशी. रविवारसुद्धा." आणि मग, इंग्रजीत, यानेकेबाईंकडे न बघता: "मी शनिवारी पहिल्यांदा आलो इथे. आयुष्यात पहिल्यांदा. त्याआधी फक्त व्हेल बघितला होता."

यानेकेबाईंनी गळ्यातले भिंग काढून हळूच फाइलवर ठेवले. रागावल्या असत्या तर भास्कररावांना सोपे गेले असते.

"सहा महिने मी येणाऱ्या प्रत्येकाला तुमचं सांगत होते," त्या म्हणाल्या. "की हिंदुस्थानात एक गाव आहे. तिथे एक साधा शिक्षक आणि त्याची बायको दर आठवड्याला चित्रं पाहतात आणि मग जेवतात. लोकांना फार आवडायचं ते. मला माशापेक्षा तेच जास्त आवडलं होतं."

जयवंतरावांनी एक कोरा कागद भास्कररावांपुढे सरकवला. "परदेशी पाहुण्यांसमोर झालंय, तर लेखी असू द्या. एकदाचं संपेल." भास्कररावांनी पेन उघडले. "मी, खाली सही करणार भास्कर प्रधान, राहणार निजामपुरा, असे लिहून देतो की मी सदर दालन कधीही पाहिलेले नव्हते." अक्षर सुंदर होते. हातच तो फळ्यावर वळलेला.

तेवढ्यात दार उघडले आणि मंदाकिनीबाई आत आल्या. बटव्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली, रिक्षातून उतरून थेट, कपाळाला घाम.

"अहो, पापलेट गार होऊन गेलं! ऑफिसात काय करताय तुम्ही?"

कोणी काही बोलायच्या आत बाळकृष्णाने डोळे पुसले आणि टोपी डोक्यावर चढवली.

"या ताई. आज बुधवार नाही ने?"

जयवंतराव खुर्चीतून अर्धवट उठले. "नमस्कार मंदाकिनीताई. तुम्ही? हे तुमचे मिस्टर?"

"हो, आमचेच," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या खांद्यावरून त्यांनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "मासा? अहो, इथे कुठला मासा! ससा आहे, तितर आहेत, द्राक्षं आहेत. मला विचारायचंत की आधी."

"तू इथे येतेस?" भास्कररावांनी पेन टेबलावर ठेवले.

"शाळा बागेजवळच होती ना माझी. बुधवारी शेवटचे दोन तास मोकळे असायचे. पुढे शाळा सुटली तरी सवय काही सुटली नाही." मग त्या यानेकेबाईंकडे वळल्या. इंग्रजी मोडके होते, पण अडत नव्हते. "कम. आय शो. व्हेरी नाइस रॅबिट. देन वी ईट. माय फिश इज रिअल, बट कोल्ड."

यानेकेबाईंनी एकदा भास्कररावांकडे पाहिले, एकदा मंदाकिनीबाईंकडे पाहिले, आणि इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मग भिंग गळ्यात घालून त्या मंदाकिनीबाईंच्या मागोमाग निघाल्या.

भास्कररावांनी सही केली, तारीख घातली, कागद दिला. दालनात आले तेव्हा त्या दोघी पार पलीकडच्या टोकाला एका चित्रापुढे उभ्या होत्या. मंदाकिनीबाईंनी नुसते बोट दाखवले, यानेकेबाईंनी मान हलवली, आणि मग दोघी पुष्कळ वेळ नुसत्याच बघत राहिल्या. त्यांच्यापर्यंत जायचा भास्कररावांना धीर होईना. बाळकृष्णाने आपले स्टूल त्यांच्यापुढे सरकवले.

"बसा साहेब. माझं काही नाही. झालं ते झालं."

भास्करराव बसले. "माफ करा हां," ते पुटपुटले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "किती वर्षं येत्येय ही?"

"वीस तरी झाली असतील. दर बुधवारी."

"वीस वर्षं! आणि मला एका शब्दानं बोलली नाही."

बाळकृष्णाने त्यांच्याकडे जरा दयेने पाहिले. सांगावे की नाही, असा त्याने थोडा विचार केला.

"मी पण विचारलेलं एकदा, साहेबांना का नाही आणत म्हणून. ताई म्हणाल्या, राहू द्या. म्हणे, इथे बरं वाटतं. इथे कोणी काही समजावून सांगत नाही."

भास्कररावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले. समोरच्या भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईचे चित्र होते, आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कुठून येतो आहे, ते त्यांना चांगले दिसत होते. त्यांनी तोंड मिटले, स्टुलावर जरा नीट सरकून बसले, आणि त्या बाईकडे बघत राहिले.